वायरमनला कारण विचारा

"काही होत नसतं भाऊ, वीस वर्षं हेच करतोय."

नगर जिल्ह्यात ज्याने घर बांधलंय, किंवा जुन्या घरात एखादा पॉइंट वाढवून घेतलाय, त्याने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. बोलणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. त्याने वायरिंग केलेल्या घरांत खरंच काही झालेलं नसतं, निदान त्याच्या कानावर तरी आलेलं नसतं. ऐकणाऱ्यालाही ते बरं वाटतं. पैसे वाचतात आणि काम संध्याकाळपर्यंत उरकतं.

याच्या उलट टोकाचा माणूसही भेटतो. कंपनीच्या कागदावर छापलंय तेवढंच करणार, घर कुठं आहे, माती कसली आहे, वायर किती लांबून येते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नियमाप्रमाणे केलं म्हटलं की त्याची जबाबदारी संपली.

या दोघांत कोणाचं ऐकायचं? माझं सांगणं साधं आहे. नियमात लिहिलेलं असतं ते कमीत कमी. जाणकार वायरमन त्याहून जास्त काही करा म्हणाला तर शक्य असेल तेवढं ऐका. कमी करा म्हणाला तर त्याला कारण विचारा, आणि पटेल असं कारण मिळेपर्यंत काम पुढे जाऊ देऊ नका. घरमालकाला वायरिंगमधलं सगळं कळायची गरज नाही, पण ‘जास्त’ आणि ‘कमी’ यातला फरक कोणालाही कळतो.

आधी जबाबदारी कुणाची ते पाहू. खेड्यात खांबावर चढणाऱ्यालाही आपण वायरमन म्हणतो आणि घरात पट्टी ठोकणाऱ्यालाही. त्यामुळे घरातलं काही बिघडलं तरी ‘बोर्डाच्या माणसाला’ हाक जाते. मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, मीटरच्या पुढची सगळी आपली. श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागात २०११ च्या सुरुवातीपर्यंत मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज देत होती, मग महावितरण आलं. वीज देणारा बदलला, पण घरातल्या वायरिंगचा मालक तेव्हाही घरवालाच होता. १९५६ च्या वीज नियमांपासून आजच्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांपर्यंत एक गोष्ट कायम आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच असं जसंच्या तसं बदलणं घरच्या माणसाला चालतं. नवा पॉइंट, नवी लाईन, लोड वाढवणं ही कामं मात्र परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायची. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन परवाना काढलेली मुलं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. परवाना दाखव म्हणायला लाजू नका. बरा माणूस तो खिशातून काढून दाखवतो.

आता सगळ्यात जास्त ‘काही होत नसतं’ जिथे ऐकू येतं तिकडे वळतो. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीत, एमसीबींच्या शेजारी एक रुंद स्विच असतो, त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येतोय का, एवढंच तो बघत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, तर जास्तीत जास्त ०.३ सेकंदात तो सप्लाय तोडतो. ३० हा आकडा उगाच घेतलेला नाही. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताची मूठ आपोआप आवळते, वायर सोडवत नाही. त्याहून बराच जास्त करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडते.

पावसाळ्यात हा आरसीसीबी पडायला लागतो. दिवसातून दोनदा, मग चारदा. घरात कुरकुर सुरू होते, वायरमनला फोन जातो. तो येतो, झाकण उघडतो, आरसीसीबीच्या वरच्या आणि खालच्या वायरी एकत्र जोडतो आणि म्हणतो, "डायरेक्ट करून दिलं, आता पडणार नाही." खरंच पडत नाही. टीव्ही चालतो, फ्रिज चालतो, सगळे खूश. घरातली जीव वाचवणारी एकमेव वस्तू मात्र शोभेची होऊन बसते, आणि झाकण लावलं की बाहेरून काही कळतही नाही.

याला कारागिराची समज म्हणत नाहीत. खरी समज दिसते ती दोष शोधताना. जाणकार माणूस आधी सगळे एमसीबी पाडतो, घरातले सगळे प्लग उपसायला लावतो, आरसीसीबी वर करतो आणि मग एकेक लाईन चालू करत जातो. गीझरची लाईन चालू केल्याबरोबर पडला तर गीझरचं कॉइल गेलंय. कधी सगळे एमसीबी बंद असतानाही पडतो. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, त्यामुळे न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागला असेल तर एमसीबी पाडून उपयोग होत नाही. मग न्यूट्रलच्या पट्टीवरची एकेक वायर सोडवून बघावी लागते. बऱ्याचदा भलतंच निघतं: जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा, किंवा इन्व्हर्टर बसवणाऱ्याने जो न्यूट्रल हाताला लागला तोच जोडलेला. या कामाला दोन-तीन तास लागतात. ‘डायरेक्ट’ करायला पाच मिनिटं.

"पण आमचं अर्थिंग चांगलं आहे, आरसीसीबी कशाला?" असंही विचारतात. विचारणाऱ्याने एकदा कागद-पेन घेऊन हिशेब करावा. वॉशिंग मशीनच्या आत फेज सुटून पत्र्याला लागली आणि तुमच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे असं धरा. करंट वाहील २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, स्वतःचा अर्थ धरला तर त्याहूनही कमी. त्या लाईनवर १६ अँपिअरचा एमसीबी आहे. नेहमीचा सी प्रकारचा एमसीबी ताबडतोब पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला तो तापून हळूहळू पडतो, आणि त्याला तासभर लागला तरी मानकाप्रमाणे तो चांगलाच ठरतो! तोवर मशीनचा पत्रा जिवंत आणि समोर ओल्या फरशीवर कुणीतरी अनवाणी उभं. अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही लागतात, एक असलं म्हणून दुसरं सोडता येत नाही.

अर्थिंगचं आपल्या जिल्ह्यात फार बघण्यासारखं आहे. आयएस ३०४३ हे त्याचं भारतीय मानक. पाइप केवढा, किती खोल, भिंतीच्या पायापासून किमान दीड मीटर लांब, हे सगळं त्यात आहे. पण पारनेर-पाथर्डीच्या माळावर दोन-तीन फुटांवर मुरूम आणि त्याखाली खडक लागतो. तिथे अडीच मीटरचा पाइप उभा जाणार कसा? अनेक ठिकाणी मग पाइपच कापतात आणि वर सिमेंटचा चौकोन बांधून मोकळे होतात. वरून बघणाऱ्याला अर्थिंग अगदी नियमाप्रमाणे दिसतं. इथे वायरमनचं डोकं चाललं पाहिजे. एका खड्ड्याऐवजी एकमेकांपासून लांब दोन खड्डे घेऊन जोडायचे, किंवा पट्टी आडवी पुरायची, किंवा न्हाणीचं सांडपाणी मुरतं त्या बाजूची ओलसर जागा निवडायची. नियम सोडायचा नाही, नियमाला जे साधायचंय ते वेगळ्या वाटेने साधायचं.

श्रीरामपूर-राहुरीच्या काळ्या मातीत पाइप लोण्यासारखा जातो आणि ओल असते तोवर रोधही कमी मिळतो. पण कालव्याखालच्या चोपण जमिनीत क्षार इतके की जीआयचा पाइप काही वर्षांत गंजून पोखरतो. आणि काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, तेव्हा पाइप आणि माती यांच्यात फट पडते. म्हणून एका जागी चांगलं मोजलं गेलेलं अर्थिंग कायमचं चांगलं असं धरून चालू नका. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचं, आणि मोजायचं असेल तर मे महिन्यात मोजायचं. पावसाळ्यात कोणाचंही अर्थिंग गुणी असतं.

मोजायचं म्हणजे अर्थ टेस्टरने मोजायचं. फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून ‘बघा, फुल पेटला’ म्हणणं हे मोजणं नव्हे. १०० वॅटचा जुना बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट ओढतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी त्यात वीस-बावीस व्होल्टच उतरतात आणि बल्ब झक्क पेटतो. त्याच ५० ओहमवर पत्र्याला फेज लागली तर जेमतेम साडेचार अँपिअर वाहतील आणि १६ चा एमसीबी जन्मात पडणार नाही. एलईडी बल्बने तर हा खेळ करूच नये, तो नावापुरत्या करंटवर उजळतो.

दुसरी गोष्ट वस्तीवरच्या घरांची. आपल्याकडे निम्मं गाव रानात राहतं. मीटर रस्त्याकडेच्या खांबावर आणि घर उसापलीकडे. शहरातला ठोकताळा असा की लाईटला दीड चौरस मिमीची, पॉवरला अडीचची, एसीला चारची वायर. हा ठोकताळा चार खोल्यांच्या घरापुरता ठीक आहे. मीटरपासून घर ६० मीटर असेल तर जायची ६० आणि यायची ६० अशी १२० मीटर वायर झाली. अडीचच्या तांब्याच्या वायरला एवढ्या लांबीत साधारण ०.९ ओहम रोध येतो. १५ अँपिअर लोड आला की १३-१४ व्होल्ट वायरीतच जिरले. संध्याकाळी आधीच दाब कमी, त्यात हे. मग मोटार घरघरते, फ्रिज तापतो आणि लोक स्टॅबिलायझर विकत आणतात. जाणकार वायरमन इथे सहाची वायर सांगतो. तुम्हाला वाटतं दुकानदाराशी त्याचं कमिशन आहे. असेलही, नाही कुठे म्हणतोय. पण वरचा हिशेब त्याला करून दाखवायला सांगा. जो दाखवेल त्याचं ऐका.

पत्र्याच्या घरांबद्दल कुठलंही पुस्तक पुरेसं सांगत नाही. पत्र्याला पाडलेल्या भोकातून वायर आत घेतात. वाऱ्याने पत्रा हलतो, भोकाची धार रबर कापत राहते, एक दिवस अख्खं घर फेजवर येतं. त्याच पत्र्याच्या अँगलला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओले कपडे, लोखंडी तार, ओली जमीन, आणि बहुतेक वेळा तिथे हात लावणारी घरातली बाई. वायरमन कामाला आला की त्याला आधी घराभोवती एक चक्कर मारायला लावा. जो मीटरकडे जाण्याआधी स्वतःहून वर सर्व्हिस वायरकडे, पत्र्याकडे आणि कपड्यांच्या तारेकडे बघतो त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. त्या तारेच्या जागी नायलॉनची दोरी आजच बांधा, त्याला वायरमन लागत नाही.

नियमही काळाच्या मागे पडतात, हे कबूल केलं पाहिजे. लाईट-पंख्याच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि लोड ८०० वॅटच्या आत हवा, असं आपलं मानक सांगतं. तो हिशेब साठ-शंभर वॅटच्या बल्बच्या काळातला. आज दहा एलईडी मिळून शंभर वॅटही होत नाहीत. लोड सरकलाय स्वयंपाकघरात: मिक्सर, इंडक्शन, ओव्हन, शिवाय कोपऱ्यात घरघंटी. दोन हजार वॅटचं इंडक्शन जवळजवळ नऊ अँपिअर घेतं आणि ते सहा अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवलेलं मी पाहिलंय. प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं. मग लाईटच्या सर्किटवर अकरावा पॉइंट आला म्हणून अडून बसणारा आणि स्वयंपाकघराला एकच लाईन देणारा वायरमन नियम पाळूनही चुकतो. स्वयंपाकघराला किमान दोन स्वतंत्र पॉवर लाईन मागून घ्या. बॅटरीवरची स्कूटर असेल तर तिचा पॉइंटही वेगळा काढा, कारण ती रात्रभर सलग करंट ओढते आणि एक्स्टेन्शन बोर्डाला ते झेपत नाही.

आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवू देऊ नका. एमसीबी राखतो भिंतीतल्या वायरीला. भिंतीतल्या पाइपातून गेलेली अडीचची वायर वीस अँपिअरच्या आसपासच सुखात राहते. गच्चीखालच्या स्लॅबमधून गेली असेल तर नगरच्या मेमध्ये त्याहून कमीच धरा. ३२ चा बसवला की एमसीबी शांत, वायर जळते.

इतकं सगळं वायरमनला कळत नाही का? पुष्कळांना कळतं. पण आपण त्याला पैसे कशाचे देतो ते बघा. पॉइंटचा दर ठरतो. शेजाऱ्याकडे अमुक रुपये घेतले, मग आमच्याकडे दहा रुपये कमी कर. पॉइंटप्रमाणे पैसे घेणाऱ्याने तीन तास न्यूट्रल शोधत बसायचं, अर्थिंगसाठी दुसरा खड्डा घ्यायचा, संध्याकाळी वायरीचं इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा, तर त्याचं पोट कसं भरणार? आपण डोक्याचे पैसे देतच नाही आणि मग डोकं चालवलं नाही म्हणून चिडतो. म्हणून ठरवतानाच तीन रकमा वेगळ्या ठरवा: पॉइंटची, अर्थिंगची आणि तपासणीची. दुरुस्तीला आलेल्या माणसाला दोष शोधल्याचे पैसे द्या, वस्तू बदलल्याचे नव्हे. असं केलं की ‘डायरेक्ट’ करण्यातला त्याचा फायदाच संपतो.

तपासणीचं शेवटी राहतं आणि राहूनच जातं. नव्या जोडणीला टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही असते, आणि सही करणाऱ्याने घर पाहिलेलंच नसतं असं सर्रास चालतं. कागद पूर्ण असणं आणि काम धड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे नगरकरांना कुणी वेगळं सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेला, आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पहिला अंदाज शॉर्ट सर्किटचाच होता. दहा महिन्यांत आदेशांची कमतरता कुठे होती? तुमच्या घराला तर कुणी ऑडिट करायला येणारही नाही. गृहप्रवेशाआधी तुम्हीच उभं राहून मोजून घ्यायचं.

त्याला फार वेळ लागत नाही. मेन बंद, सगळे बल्ब आणि उपकरणं काढलेली. वायरमन ५०० व्होल्टचा मेगर लावून एक मिनिट बघतो: फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, फेज आणि न्यूट्रल. किमान एक मेगओहम यायला हवा, नव्या घरात त्याच्या कितीतरी पट येतो. नव्या घरात दोन-तीनच आला तर नियमात बसतं म्हणून सोडू नका. कुठेतरी झिरी मारताना खिळा लागलाय किंवा पाइपात पाणी आहे. मग अर्थ टेस्टर. मग आरसीसीबीचं ‘टी’ बटण, जे पुढेही महिन्यातून एकदा दाबत राहायचं. एवढं मात्र लक्षात असू द्या की अर्थिंग अजिबात नसलं तरी ते बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतोच, त्यामुळे बटणाने अर्थिंगची खात्री होत नाही. शेवटी स्विच फेजवरच आहेत ना ते पाहून घ्या: स्विच बंद केल्यावर होल्डरमध्ये टेस्टर पेटला तर स्विच न्यूट्रलवर आहे, बदलायला लावा.

हे आकडे डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवा. वायरिंग कुणी केलं, कोणत्या तारखेला, परवाना क्रमांक काय, मेगर किती आला, अर्थिंग किती ओहम, कोणत्या एमसीबीवर कोणती खोली आणि तिथे केवढी वायर. दहा वर्षांनी दुसराच वायरमन येईल तेव्हा त्याला अंदाज बांधावा लागणार नाही. मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबाच्या बाजूला काही जळालं, सर्व्हिस वायर लोंबायला लागली किंवा पत्र्याला घासायला लागली, तर घरातल्या वायरमनला शिडी लावू देऊ नका. महावितरणला १९१२ वर फोन करा आणि तक्रारीचा नंबर त्याच कागदावर लिहून ठेवा.